पानात ठेवलेलं

मी लग्न होऊन जबलपुरास आले तेव्हा आमच्या घरी बायकोनं नवऱ्याच्या उष्ट्या पानावर जेवायची पद्धत होती. पान म्हणजे रोजची पितळी ताटली, पण आम्ही पानच म्हणायचो. नवरा जेवून हात धुवायला उठला की त्याच पाटावर बसून, त्याच ताटलीत बायकोनं आपलं वाढून घ्यायचं. मध्ये ती धुवायची नाही. याला फार पुण्य आहे म्हणत. मला त्या पुण्याची शिसारी यायची. माझ्या माहेरी, वर्ध्याकडच्या गावात, आईनं हे कधी मनावर घेतलं नव्हतं. तिचं ताट तिचं, बाबांचं ताट बाबांचं. सासरचा पहिला घास मी डोळे मिटून गिळला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे याच पानानं मला फसवलं. माझ्या नवऱ्याचा आजार रोज माझ्याच ताटात वाढला जात होता, आणि मी तो आवडीनं खात होते.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई, हे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. ह्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि नर्मदेचं पाणी गोड लागलं म्हणून राहून गेले, असं सासूबाई सांगत. राज्य इंग्रजांचं झालं, मध्यप्रांत झाला, हे सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत कारकून झाले, पण सासूबाईंच्या चुलीवर अजून भोसलेच राज्य करत होते. सोवळं कडक. घरात बोलणं मराठी, दार ओलांडलं की हिंदी, आणि रागावल्यावर दोन्ही.

वाढणं सासूबाईंकडे, आणि त्यांचा हात मोजका. वाईट नव्हत्या, पण विधवेचं एकवेळचं जेवण जेवून जेवून दुसऱ्याची भूक त्यांना दिसेनाशी झाली होती. आणि मी खात्या घरची. सुनेनं दुसऱ्यांदा भात मागायचा नसतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मागितला तेव्हा सासूबाईंनी नुसतं पातेल्याकडे पाहिलं. त्यानंतर मी मागितला नाही.

पहिल्या महिन्यातच एकदा गोळाभात झाला. आमच्या नागपूरकडच्या लोकांचा जीव या भातात अडकलेला असतो. डाळीच्या भरड पिठाचे तिखट गोळे भातात शिजवायचे आणि वरून हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची. हे जेवून उठले, मी त्यांच्या पानावर बसले. भाताचा ढिगारा बाजूला सारते तर खाली दोन गोळे, अख्खेच्या अख्खे, पुरून ठेवलेले. मला वाटलं, ह्यांना गोळे आवडत नाहीत आणि आईला कळू नये म्हणून लहान मुलासारखे लपवून ठेवतात. पुढच्या वेळी मी हट्टानं साधा भात आणि कढी केली. हे गप्प जेवले. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा कढी-भात. कारलं पानात राहिलं, कारलं बंद केलं. वडी राहिली, वडी बंद केली. अशी एकेक करून मी ह्यांच्या आवडीची सगळी चूल विझवत आणली.

शेवटी ह्यांनीच तोंड उघडलं, पण घरात नाही. घरात नवरा-बायकोनं उगीच बोलायचं नसे. नर्मदेचं नाव काढलं की मात्र सासूबाईंना नाही म्हणता यायचं नाही. त्या नर्मदेच्या नावावर आम्ही किती पाप केलं ते नर्मदाच जाणे. त्या दिवशी घाटावरून परतताना ह्यांनी टांगा फुवाऱ्याच्या बाजाराकडे वळवला. तिथं एक हलवाई खव्याची जलेबी करत असे, काळीभोर, जाडजूड. पानाच्या दोन द्रोणांत जलेबी आली. मी टांग्याच्या आडोशाला, रस्त्याकडे पाठ करून, पदर पुढे ओढून उभी. भल्या घरची सून बाजारात उभं राहून खाते म्हणजे काय ते आजच्या मुलींना कळायचं नाही.

"गोळाभात काहून बंद केलास?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला आवडत नाही ना. लपवून ठेवता गोळे."

ह्यांनी द्रोण टांग्याच्या पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "अगं, तुझ्यासाठी ठेवतो. आई तुला मोजकंच वाढते, हात धुताना पाहून राहिलो रोज."

जलेबीचा पाक मनगटावरून कोपरापर्यंत गेला होता. हलवाई म्हणाला, "बहूजी, गरम है, आराम से खाइए," आणि मी तेवढ्या निमित्तानं तोंड फिरवून घेतलं.

तिथून आमचं खरं लग्न लागलं असं मी समजते. घरी मी ह्यांच्या पानावर बसायची आणि भाताखाली हात घालायची. कधी गोळा, कधी अर्धी पुरणपोळी दुमडून ताटलीच्या कडेला, कधी तुपाची धार नुसती एका बाजूला राखलेली. ते पान मला पुढे कधी उष्टं वाटलं नाही. कुणाची चिठ्ठी उघडावी तसं मी ते उघडायची. सासूबाईंना कळत असणारच. मुलाला वाढताना त्यांचा हात हळूहळू सैल झाला होता, आणि मला वाढताना पूर्वीसारखाच मोजका राहिला होता. आपल्या हातानं सुनेला जास्त वाढायचं त्यांना जमत नसावं, मुलाच्या हातानं जमत होतं.

बाहेर मात्र उलटा कायदा. बाहेर हे माझ्यासाठी काहीही ठेवत नसत. आपला द्रोण पुसून खात आणि वर माझ्या द्रोणाकडे बघत. तिथं दोघांचं वेगळं, दोघांचं एकाच वेळी. एकदा म्हणाले, "तुला जेवताना पाहिलंच नव्हतं मी. तू डावीकडूनच चावतेस." खरंच होतं ते. ह्यांना जेवताना मी चुलीपासून ओझरतं तरी पाहायची, पण बायको कशी जेवते हे आमच्यातल्या कुठल्या नवऱ्याला माहीत असणार? ती जेवते तेव्हा हा बाहेर पान चघळत असतो.

नर्मदेच्या निमित्तानं आम्ही बरंच खाल्लं. तिळवारा घाटाच्या संक्रांतीच्या जत्रेत पेरू आणि तीळगुळाची गजक. बंगाल्याच्या दुकानात रसगुल्ले, जे मला आजही साबणाच्या स्पंजासारखे लागतात. सदर बाजारात गोऱ्या सोजिरांसाठी पाव भाजणारी एक बेकरी होती, तिथला गोड पाव हे रुमालात बांधून आणायचे आणि आम्ही कंपनी बागेतल्या बाकावर बसून खायचो. त्यात अंडं असतं का, असं मी विचारलं. "मी विचारलं नाही, तू पण विचारू नको," ह्यांनी सांगितलं. एवढी सोपी धर्माची व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती.

बाहेर जे आवडे ते हे जिभेवर घोळवून ओळखायचे. यात मावा किती, आंबवलं किती वेळ, तळलं कशात. मग मी घरी करून बघायची. खव्याची जलेबी केली तेव्हा कढईत सोडल्या सोडल्या तिचे तुकडे तुकडे झाले. सासूबाई सोवळ्यात आत आल्या, कढईत डोकावल्या आणि म्हणाल्या, "शिरा करून राहिली काय?" मी हो म्हटलं. हे त्या दिवशी जेवताना ठसका लागून हसले. सासूबाईंनी तो शिरा देवाला दाखवला आणि चांगला झाला म्हणाल्या. दात होते आणि चणेही होते, असे ते दिवस.

आम्हाला मूल झालं नाही. त्याचं दुःख होतं, ते सांगत बसत नाही. पण दोघांच्या मध्ये एक ताटली होती आणि तिच्यात पुष्कळ मावत होतं.

मग एका हिवाळ्यात ह्यांच्या पानात जास्त राहायला लागलं. आधी अर्धी पोळी, मग पाऊण. गोळे तर चार-चार. भाजी जशीच्या तशी. मी मनातल्या मनात लाजायची. इतक्या वर्षांनी नवऱ्याचं प्रेम वाढतंय असं कुठल्या बाईला वाटणार नाही? शेजारच्या बाया म्हणायला लागल्या, अंगानं भरलीस गं. मी भरत होते खरीच. माझे गाल वर आले, बांगड्या घट्ट झाल्या. सासूबाई मात्र म्हणायच्या, "हा वाळून राहिला. कचेरीतलं काम याले खाऊन राहिलं." मी म्हणायची, साहेब नवा आहे, उशिरापर्यंत बसवतो. दोघींनी मिळून साहेबाला शिव्या दिल्या. साहेब बिचारा आपला पाव खाऊन झोपत असेल.

होळी झाल्यावर आम्ही भेडाघाटला गेलो. मी दशम्या, लसणाची चटणी आणि सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, बांधून घेतली होती. धुवांधार धबधब्याच्या अलीकडे, संगमरवराच्या कातळावर सावली बघून बसलो. पळसाची दोन पानं मांडली, एक त्यांचं, एक माझं. मला कडकडून भूक लागली होती, मी खायला लागले. जरा वेळानं वर पाहिलं तर हे दशमीचा नखाएवढा तुकडा तोंडात घोळवत होते. किती वेळ घोळवला. मग लोट्यातून पाणी घेतलं, मान वर केली, डोळे मिटले आणि गिळला. गिळताना कपाळावरची शीर उभी राहिली. मग माझ्याकडे पाहून हसले, आणि उरलेल्या दशम्या, वडी, सगळं उचलून माझ्या पानावर ठेवलं.

"घे. तुझ्यासाठी ठेवलं."

"इथं काहून?" मी म्हटलं. "इथं कोण पाहून राहिलं?"

बाहेर ठेवायचं नाही हा आमचा कायदा, आणि तो ह्यांनीच केलेला. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. घरात मी ह्यांचं पान बघत आले होते, माणूस कुठे बघितला होता? कॉलर आणि गळा यांच्यामध्ये मूठ शिरेल एवढी जागा झाली होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल," हे म्हणाले. "अडकतं. पाण्याशिवाय खाली जात नाही. आता पाण्यानंही जात नाही."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू खुशीत खाऊन राहिली होतीस."

मला इतका संताप आला की तिथंच पान उचलून नर्मदेत फेकून दिलं. अन्न फेकून वाईट वाटलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. आमची एवढीच एक खाजगी गोष्ट होती, आणि ह्यांनी तिच्याआड आजार लपवला. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं नसतं. दुसरीकडे बायकोनं पान पाहून विचारलं असतं, आज जेवला का नाहीत? माझ्या घरी नवरा उपाशी उठला की मला वाटायचं माझ्यावर जीव आहे. घर आलं तेव्हा एवढंच म्हटलं, "आता तुमच्या पानात काही राहिलेलं मला चालणार नाही."

बोलणं सोपं होतं. आमचे डॉक्टर बंगाली, म्हातारे, सायकलवरून यायचे. त्यांनी घसा पाहिला आणि मोठ्या दवाखान्यातल्या गोऱ्या सर्जनकडे पाठवलं. अन्ननळीत गाठ आहे, असं कळलं. मुंबईला नेऊन बघा, पण तिथंही काही करतील असं वाटत नाही, असंही कळलं. हे मुंबईला जायला तयार झाले नाहीत. डॉक्टर ओसरीवर माझ्याशी बोलले. "बहू, जो भी देना, पतला देना. जितना जाएगा, उतने दिन हैं."

म्हणजे मामला सरळ होता. ह्यांच्या पोटात जेवढं जाईल तेवढे हे राहतील. मी कंबर कसली. मुगाचं कढण, ज्वारीची आंबील, तांदळाची पेज, ताक, शिंगाड्याच्या पिठाची लापशी. जबलपूरचा शिंगाडा म्हणजे पांढरा शुभ्र, लापशी रेशमासारखी व्हायची, तरी मी ती मलमलच्या फडक्यातून गाळायची. सासूबाई दूध आटवायच्या. आम्ही दोघी ह्यांच्यासमोर बसायचो आणि एकेक चमच्यावर डोळे लावायचो. हे चमचा तोंडाशी नेत, आमच्याकडे बघत आणि खाली ठेवत. "थोडं तरी," सासूबाई म्हणत. "तुम्हाला माझी शपथ," मी म्हणे. आंबील निवून जाई, तिच्यावर साय धरे. गाईला जे गेलं त्याला हिशोब नाही.

एक दिवस हे म्हणाले, "तुम्ही दोघी असं पाहून राहिल्या की घसा आवळतो. तू जेव."

"तुम्ही जेवल्यावर."

"नाही. तू आधी जेव, माझ्यासमोर. तुला खाताना पाहिलं की तोंडाला पाणी सुटतं माझ्या. बाहेर सुटायचं तसं." आणि ताटलीकडे बोट करून, "मग तुझ्याच पानात मला वाढ."

सासूबाई तिथंच होत्या. नवऱ्यानं बायकोच्या उष्ट्या पानात जेवायचं, हे त्यांच्या भोसल्यांच्या राज्यात कधी घडलं नव्हतं. मी म्हटलं, भलतंच काय. सासूबाई उठल्या, मागच्या अंगणात तुळशीपाशी जाऊन बसल्या. त्या संध्याकाळी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, ह्यांच्याशीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी होते. सासूबाईंनी ह्यांच्या खाटेजवळ पाट मांडला. ताटली ठेवली. त्यात आपल्या हातानं भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं, भरपूर वाढलं, आणि मला हाक मारली.

"चल, लवकर जेवून घे. तो वाट पाहून राहिला."

मी बसले. ह्यांच्यासमोर, सासूबाईंच्यासमोर, ह्यांच्या आधी. घास तोंडात फिरत होता, पण खाल्ला. रडत खाल्लं तर ह्यांच्या तोंडाला कसलं पाणी सुटणार, म्हणून रडले नाही. भात कालवून, बोटं चाटून, आवाज करत खाल्ला, माहेरी खायचे तसा. मग त्याच ताटलीत, वरणाच्या ओघळांवर, लापशी वाढली. ह्यांनी ती निम्मी घेतली. किती दिवसांनी निम्मी. सासूबाई भिंतीकडे तोंड करून माळ ओढत होत्या, पण मणी पुढे सरकत नव्हता.

मग तेच चाललं. दोन्ही वेळ मी आधी जेवायची आणि हे माझ्या पानावर. मी त्यांच्यासाठी चवीनं जेवायला शिकले. गोळाभात केला, वड्या केल्या, शेजारणीकडून फुवाऱ्याची जलेबी आणवली आणि सासूबाईंच्या देखत सोवळ्यातल्या ताटलीत घेऊन खाल्ली. सासूबाईंनी कुठून आली विचारलं नाही. हे विचारायचे, तिखट झालंय का, फोडणीत हिंग लागतो का, पाक जास्त झाला का, आणि मी खरंखरं सांगायची, कारण खोटं सांगितलं की त्यांना जिभेवर कळायचं. माझ्या तोंडातली चव ऐकत ऐकत हे लापशीचे चार घोट खाली उतरवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून पुष्कळ राहिले. सासूबाई याचं श्रेय नर्मदेला देत. मी वाद घातला नाही.

पण गाठ गाठच होती. निम्म्याचे चार चमचे झाले, चाराचे दोन. घोट गेला तरी परत यायचा. आवाज बसला, बोलणं नुसतं वाऱ्यासारखं यायचं. मी जेवत राहिले. घास हातात घेताना मला त्याचा तिटकारा यायचा, अन्नाचा, माझ्या धडधाकट गळ्याचा, त्यातून खाली सरकणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा. तरी जेवत राहिले, कारण मी थांबले तर हे थांबणार होते.

एका दुपारी मी जेवून ताटली पुढे केली, लापशी वाढली. ह्यांनी पहिला चमचा घेतला. तो खाली गेला नाही, सासूबाईंनी फडक्यानं तोंड पुसलं. दुसरा चमचा ओठापर्यंत नेला, थोडा वेळ तिथंच धरला, आणि परत ताटलीत ठेवला. तिसरा भरलाच नाही. दोन बोटांनी ताटली माझ्याकडे सरकवली. जात्याचा दगड असावा इतकी ती त्यांना जड झाली होती.

"तुझ्यासाठी ठेवलं," हे म्हणाले.

खरं काय ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. सासूबाई पदर तोंडात धरून बाहेर गेल्या. माझा राग त्या क्षणी गेला, कुठे गेला कळलं नाही. मी ताटली मांडीवर घेतली.

"बरं केलं," मी म्हटलं. "माझी भूक राहिलीच होती."

मी चमच्यानं नाही, बोटांनी खायला लागले. भराभरा, कारण हळू खाल्लं असतं तर हुंदका फुटला असता. हे उशीवर मान कलती करून माझ्याकडे पाहत होते. मग त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"हळू," हे म्हणाले. "घाई काहून करून राहिलीस?"